खिन्नतांक दोन

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मनोवेध संशोधन केंद्राच्या भिंतीवरचा लाल दिवा पेटला आणि डॉ. मंजिरी शेवडेनं हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"चारशे बारा," पडद्याकडे न बघताच ती म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

पडद्यावर अक्षरं आलीच. 'सहभागी क्रमांक ४१२. खिन्नतांक ८७. तातडीनं भेटा.'

क्रमांक ४१२ म्हणजे केंद्राच्या कँटीनमधल्या बेबीताई लोंढे. लाल दिवा लागला की अर्ध्या तासाच्या आत तज्ज्ञानं त्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं आणि ठरलेले सात प्रश्न विचारायचे, असा नियम होता. नियम मंजिरीनंच केलेला, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार? ती वही घेऊन जिना उतरली.

कँटीनमध्ये बेबीताई शेगडीशी भांडत होत्या. "जळलं मेलं ते लायटर! एक वस्तू इथं धड चालेल तर शपथ. जीव नुसता विटून गेलाय माझा!" त्यांच्या कानामागे मसुराच्या दाण्याएवढं यंत्र चिकटवलेलं होतं. त्याचं नाव कानोसा. दिवसभराचं बोलणं ऐकायचं आणि येत्या दोन महिन्यांत हा माणूस खिन्नतेच्या आजारात सापडेल की नाही, ते शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगायचं, हे त्याचं काम. तो आकडा म्हणजे खिन्नतांक; त्यानं सत्तर ओलांडलं की लाल दिवा.

"बेबीताई, गेल्या दोन आठवड्यांत जगण्यात रस वाटेनासा झालाय का?"

"मॅडम, शनिवारी विचारलंत, शुक्रवारी दोनदा विचारलंत. मला रस आहे हो, पण तुम्ही विचारून विचारून घालवाल."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही! लिहा. आणि आलं आणायला सांगा कुणाला तरी, चार दिवस बोंबलतेय मी."

सातही उत्तरं 'नाही' अशी लिहून मंजिरी वर आली तेव्हा तिचं डोकं ठणकत होतं. चार वर्षं झाली या यंत्राला. चार वर्षं! आणि अजून त्याला चहावाल्या बाईची कटकट आणि आजारी माणसाचं दुःख यांतला फरक कळू नये?

"सुहास, ही बाई मला वेड लावणार आहे."

"होईल नीट," समोरच्या टेबलावरून सुहास कुलथे म्हणाला आणि हसला.

सुहास केंद्राचा सांख्यिकीतज्ज्ञ. अकरा वर्षं दोघं समोरासमोर बसत होती. त्यातली साडेदहा वर्षं त्यानं मंजिरीला सळो की पळो करून सोडलं होतं. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरून तो अख्खी दुपार भांडायचा. अलीकडे मात्र गडी मऊ झाला होता. सांगितलेलं ऐकायचा, वर हसायचा. वयानं का होईना, शहाणपण आलं म्हणून मंजिरी खूश होती.

"पाठपुराव्याचा तक्ता आलाय," तो म्हणाला.

गेल्या वर्षीच्या सहभागींपैकी पुढे खरोखर कोण आजारी पडलं, कोणाला उपचार घ्यावे लागले, याचा तो तक्ता. कानोसाची खरी परीक्षा तीच. मंजिरीनं तो उघडला आणि कपाळाला हात लावला. यंत्रानं ज्यांना लाल ठरवलं अशा तीनशेंपैकी चार जण आजारी पडले होते. ज्यांचा खिन्नतांक पाचाच्या खाली, एकदम हिरवे, अशा तीनशेंपैकी अठ्ठावन्न.

"अरे, हे उलटं लागलंय सगळं! रकाने बदललेत कुठेतरी."

सुहासनं पडद्याकडे बघितलं. "मी दोनदा तपासलं होतं."

"मग तिसऱ्यांदा तपास! गुरुवारी मंजुरी समितीचे प्रभुणे येतायत. सहा जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांत कानोसा द्यायचा की नाही ते ठरवणार आहेत. त्यांना काय सांगू मी? ज्यांना आमचं यंत्र ठणठणीत म्हणतं, तेच आजारी पडतात?"

"बरं," सुहास म्हणाला.

दहा मिनिटांत रकाने बदलले. लालमध्ये अठ्ठावन्न आजारी, हिरव्यात चार. असंच असायला हवं होतं. मंजिरीचा जीव भांड्यात पडला.

या यंत्रावर तिचा जीव होता, त्याला कारण होतं. तिची थोरली बहीण दीड वर्ष खिन्नतेच्या आजारात आतल्या आत बुडत होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. घरात चार माणसं, त्यात एक मानसशास्त्रज्ञ! ताई वाचली, पण थोडक्यात. बरी झाल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "कुणीतरी एकदा तरी 'खोटं बोलतेस' म्हणायला हवं होतं गं, मंजू." तेव्हापासून मंजिरीनं हेच धरून ठेवलं होतं. माणसांना कळत नसेल तर यंत्राला कळू दे, पण दुसऱ्या कुणाच्या ताईला असं एकटं बुडू द्यायचं नाही.

गुरुवारी अकराला डॉ. विद्याधर प्रभुणे समितीच्या दोन सदस्यांना घेऊन आले. चाळीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेला माणूस. खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, "यंत्राला हे कळतं कसं? आकडेमोड नको, सरळ सांगा."

"ते शब्दांचा अर्थ बघत नाही," मंजिरी म्हणाली. "आवाजाची पट्टी, दोन शब्दांमधली फट, वाक्यांची लांबी, दुसऱ्याला किती वेळा मध्येच तोडलं, हे मोजतं. आम्ही त्याला सहा हजार लोकांचे आवाज ऐकवले आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्या माणसाच्या मनःस्थितीचा आकडा दिला. कुठल्या आवाजाबरोबर कुठला आकडा येतो, ते यंत्र आपलं आपण शिकलं."

"आणि तो मनःस्थितीचा आकडा कुठून आणलात?"

"आमच्या मुलाखतकारांनी फोन केले. गेल्या पंधरवड्यात मन कसं होतं, विचारलं. लोकांनी सांगितलं."

"सांगितलं?"

"विचारल्यावर सांगणारच ना!"

"हं," प्रभुणे म्हणाले. त्या 'हं'चा मंजिरीला भयंकर राग आला, पण तिनं तो गिळला आणि भिंतीवरचा पडदा लावला. केंद्रातली सगळी माणसं स्वतः कानोसा लावत असत. त्यांचे आकडे ओळीनं समोर आले. बेबीताई ८७. डॉ. शेवडे ६८. सुहास कुलथे २.

"दोन!" एक सदस्य म्हणाले. "अहो कुलथे, असं मन आम्हालाही द्या की थोडं."

सगळे हसले. सुहासही हसला.

तेवढ्यात बेबीताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. कप वाटले गेले. प्रभुण्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. शेजारच्या सदस्यांना तर ठसकाच लागला. "अहो, मीठ आहे हे!"

"अगं बाई!" बेबीताई ओरडल्या. "कुणी हलवल्या माझ्या बरण्या? शंभरदा सांगितलं, मेलं माझ्या फळीला हात लावू नका म्हणून! आता पाहुण्यांसमोर नाक कापलं ना माझं!"

भिंतीवर लाल दिवा पेटला. क्रमांक ४१२, तातडीनं भेटा. सदस्य पोट धरून हसायला लागले आणि मंजिरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चार वर्षांची मेहनत चहात खारवून निघाली!

बेबीताई कप गोळा करत होत्या. सुहासपाशी आल्या आणि थांबल्या. त्याचा कप रिकामा होता.

"साहेब, तुम्ही प्यायलात?"

"हो. छान होता."

हसणं एकेक करून थांबलं.

"छान काय होता?" बेबीताईंचा आवाज खाली आला. त्या मंजिरीकडे वळल्या. "मॅडम, या साहेबांना अर्धा चमचा साखर जास्त झालेली चालायची नाही. तीन-तीनदा कप परत पाठवायचे. मी बोटं मोडायची यांच्या नावानं. गणपती झाल्यापासून एकदाही कप परत आला नाही. मला वाटलं, सुधारले."

मलाही तसंच वाटलं होतं, मंजिरीच्या मनात आलं. तिनं घाईघाईनं सुहासचा वर्षभराचा आलेख काढला. गणपतीपर्यंत सत्तरच्या जरा खाली. मग साठ, चाळीस, अठरा, सात. गेले अकरा आठवडे दोन. दर सोमवारी तिनं स्वतः त्यापुढे 'उत्तम' असा शेरा मारला होता.

"सुहास, सोमवारचा तक्ता. तुझा पहिला. तो बरोबर होता?"

"हो."

"मग बदललास कशाला?"

"तू म्हणालीस."

"अरे, पण तू भांडला का नाहीस माझ्याशी?"

एखादं गणित घातल्यासारखा त्यानं बराच वेळ विचार केला. "भांडून काय होणार होतं?"

प्रभुण्यांनी कप हळूच बाजूला ठेवला. "डॉक्टर शेवडे, तुमच्या लक्षात आलं ना?"

आलं होतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. "परक्या माणसानं फोन करून विचारलं, मन कसं आहे, तर आपली माणसं काय म्हणतात? बरं आहे. बरं असो नाहीतर नसो! खरं सांगितलं ते बेबीताईंसारख्यांनी. सांगून काहीतरी उपयोग होईल असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी. जे खरोखर आजारी होते ते 'बरं आहे' म्हणाले आणि मी मूर्खासारखं तेच लिहून घेतलं. यंत्र खिन्नता शिकलंच नाही. तक्रार करण्याची ताकद शिकलं. ती अंगात आहे तोवर लाल दिवा. ती संपली की..."

"हिरवा," प्रभुणे म्हणाले. "वैतागायलासुद्धा माणसाला जगाकडून थोडी अपेक्षा असावी लागते. तक्ता उलटा नव्हता, बाई. यंत्र उलटं आहे."

ते सदस्यांना घेऊन बाहेर गेले. बेबीताई ट्रे तिथंच ठेवून त्यांच्या मागोमाग गेल्या. मंजिरीनं खुर्ची ओढली आणि सुहाससमोर बसली.

"कसा आहेस?"

"बरं आहे."

भिंतीवर दोनाचा आकडा हिरवागार दिसत होता. तिला ताई आठवली.

"खोटं बोलतोयस."

तो हसला. ते हसू तिनं अकरा आठवडे बघितलं होतं आणि तेवढे दिवस तिला ते आवडलं होतं. याचाच तिला जास्त संताप आला. पण आयुष्यात पहिल्यांदाच ती न बोलता बसून राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"खारट होता चहा," शेवटी सुहास म्हणाला.

"मग?"

"पहिल्या घोटालाच कळलं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, मग बेबीताई धावणार, दुसरा कप येणार, तो परत प्यायचा. त्यापेक्षा हा संपवणं सोपं वाटलं." त्यानं रिकामा कप दूर सारला. "सगळंच तसं झालंय. तू तक्ता बदलायला लावलास, तेव्हा मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आलाच नाही. तेव्हा भीती वाटली मला." त्याचा आवाज चिरकला. "मंजिरी, मला बरं नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "आता माहितीय. चल, प्रभुणे बाहेरच आहेत. मी येते बरोबर."

उठताना तिची नजर भिंतीवर गेली. खिन्नतांक सहा झाला होता.

कानोसाला अर्थातच मंजुरी मिळाली नाही. प्रभुण्यांनी परवानगी दिली ती फक्त नव्यानं सुरुवात करायला, आणि तीही सोमवारच्या पहिल्या तक्त्यावरून. पण त्याआधी एक काम होतं. हिरव्या यादीतली, त्या अठ्ठावन्नांखेरीजची, अजून कुणीच न विचारलेली दोनशे बेचाळीस माणसं होती. मंजिरीनं सगळ्या मुलाखतकारांना उभं करून बजावलं, "फोन करायचा नाही. घरी जायचं. आणि 'बरं आहे' हे उत्तर धरायचं नाही. कळलं?"

पुढचे दोन महिने कँटीनमधल्या टेबलावर सुहासची गोळ्यांची डबी असायची. दर मंगळवारी तो प्रभुण्यांकडे जायचा. काही दिवस यायचाच नाही, आला तरी नुसता बसून असायचा. आकडा नऊ व्हायचा, परत तीन व्हायचा. मंजिरी वैतागायची, रडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्यासमोर बसायची.

मग एका बुधवारी सकाळी लाल दिवा पेटला.

"चारशे बारा," मंजिरी सवयीनं म्हणाली. पडद्यावर क्रमांक सात होता. सुहास कुलथे. खिन्नतांक ७१.

खालून बेबीताईंचा आवाज आला. "परत पाठवला मेला कप! म्हणे साखर जास्त आहे! अर्ध्या चमच्यानं काय जीव जातो का माणसाचा?"

भिंतीवर दुसरा लाल दिवा लागला. अशा वेळी माणसाला भेटायला जायचा नियम मंजिरीनं केव्हाच रद्द केला होता. तरी ती उठली, आणि जिन्यावरून खाली धावत सुटली.