वाळूतले बांबू

"हे बांबू कोणी ठोकले इथे?" यामिनी बंगालीत ओरडली, तशी मजुरांचे हात थबकले.

बालीगंजच्या त्या क्लबमागे वाळूचं कोर्ट होतं. रोज पहाटे ती तिथे बीच टेनिसचा सराव करायची. आज तिथेच लग्नाचा मांडव उभा राहत होता... आणि पुरीच्या निवड-स्पर्धेला उरले होते फक्त नऊ दिवस!

एक उंच तरुण पुढे आला. "बहिणीचं लग्न आहे. क्लबची परवानगी आहे," तो बंगालीतच म्हणाला.

"मूर्ख कुठला!" ती मराठीत पुटपुटली.

"मूर्ख असेन, पण परवानगी खरी आहे," तो हसून मराठीत म्हणाला.

यामिनीचे कान तापले, पण राग तसूभरही उतरला नाही. "मग पलीकडच्या हिरवळीवर ठोका!"

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, बाह्या दुमडल्या आणि पहिला बांबू स्वतःच उपटला.

तो तरुण, अजेय, मराठी घरातला, पण इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या सरावासाठी चेंडू फेकायला येऊ लागला. या खेळात चेंडू वाळूला टेकायच्या आत परतवावा लागतो. यामिनी झेपावायची, पडायची, केसांतली वाळू झटकत उठायची.

"असं काय बघतोस?"

"तू रागवलीस की माझं मराठी... अं... संपतं."

ती वळून हसली, त्याला दिसणार नाही अशी.

एकदा दात आवळून तिने सांगून टाकलं, चार वर्षांपासूनची जोडीदार मुग्धा तिला सोडून दुसरीबरोबर खेळणार होती. या खेळासाठी यामिनीने बँकेतली नोकरी सोडली होती. गार्डन रीचला रेल्वेत अधिकारी असलेले बाबा तेव्हापासून धड बोलत नव्हते.

दोन दिवसांनी मुग्धाचा फोन आला. "तुझा मित्र येऊन गेला. तुला परत घे म्हणून फार विनवत होता बिचारा!"

यामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तडक अजेयला फोन लावला.

"माझ्यासाठी भीक मागितलीस? कोणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं—"

"तुला वाटलं! तोंड दाखवू नकोस मला."

त्याच संध्याकाळी तिने नवी जोडीदार म्हणून सुलभाताईंना गाठलं. शाळेत खेळ शिकवणाऱ्या, एकेचाळीस वर्षांच्या सुलभाताई म्हणाल्या, "माझे गुडघे कुरकुरतात गं. पण चल!"

पुरीला त्या दोघींनी उपांत्य फेरीत मुग्धाच्या जोडीला हरवलं. अंतिम सामना मात्र दोन गुणांनी गेला. संघात निवड झाली, तरी ते दोन गुण यामिनीला परतीच्या गाडीत झोपू देईनात.

हावड्याला सुलभाताई टॅक्सीने गेल्या. यामिनी वळली, तर समोर अजेय.

"चार दिवस एक फोन नाही!" ती कडाडली.

"तूच म्हणालीस ना, तोंड दाखवू नकोस..."

"एवढं ऐकायला कोणी सांगितलं होतं?"

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "चुकलो मी. यामिनी, मला तू... खूप आवडतेस."

गर्दीचे धक्के बसत होते. तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"माझ्या वतीने पुन्हा कोणाशी बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"माझ्याशी बोलायचं. रोज."

त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने बॅग दिली नाही, दुसरा हात दिला. आणि तशीच तरातरा त्याला ओढत नदीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे निघाली.

"दोन तिकिटं!" ती खिडकीवर अशी खेकसली, की आतल्या माणसाने दचकून वर पाहिलं.