कॉलरवरचं पाखरू

"हलू नका! मान बी नाही!"

देऊळगाव राजाच्या स्टँडवर पुष्पांजली अशी वरडली, की जालन्याच्या गाडीचं चालू इंजिन दचकून बंद पडलं. भागवत पायरीवर एक पाय ठेवून तसाच थिजला. त्याच्या नव्याकोऱ्या कॉलरवर पतंगाच्या जातीचं एक पाखरू बसलं होतं. एवढुसं, की तिळानं त्याले लेकरू म्हणावं.

पुष्पांजली कॉलेजात किडे शिकत होती. असंच एक पाखरू तिले मागच्या साली घावलं होतं. कोणत्याच पुस्तकात त्याचं नाव नाही! सर म्हणाले, "एकावर भागत नाही. दुसरं आण, मंग बोलू." वर्षभर तिनं अर्धा जिल्हा पालथा घातला... अन् दुसरं बसलं कुठं, त परक्या पोराच्या गळ्यापाशी.

"चढ बे भागवत!" खिडकीतून उत्तममामा वरडले. "पोरीवाले पोहे करून बसले!"

भागवतनं डोळ्यांनंच नाही म्हटलं. इंजिन पुन्हा लागलं, तसा मान न हलवता त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला. गाडी गेली, मामासकट.

"बोललो त चालन का?" ओठ न हलवता त्यानं विचारलं.

"हळू. श्वास कॉलरवर सोडू नका."

"मंग कुठं सोडू, खिशात?"

हसू दाबत ती भिंग घेऊन जवळ आली... लई जवळ. "पंख राखाडी. कडेले सोनेरी झालर. पाठीवर दोन ठिपके. मिशा अंगापेक्षा लांब."

"देखणं हाय?"

"लई."

भागवतचे कान लाल झाले.

"पाखरू म्हणते मी!"

"मी बी पाखराचंच पुसलं."

टक्! पाखरू आत, अन् तिच्या हातातली डबी बंद झाली. भागवतनं कोंडलेला श्वास सोडला, तशी समोरच्या पानठेल्यावरची पानं उडाली.

तिनं वही काढली. "आलं कुठून हे?"

"सकाळी आमच्या गावी, बीबीले, बांधावरच्या अंबाडीत घुसलो होतो. तिथूनच चिकटलं असन."

"मंग तो बांध पाहा लागन. झाड लिहिल्याबिगर सर मानत नाहीत. आजच येते मी."

"आजच?" भागवत गडबडला. "पोरगं गेलं पोरगी पाहाले, अन् घेऊनच आलं — आई त दारातच ओवाळन! तिले काय सांगू?"

"पाखरासाठी आली, म्हणा."

"तुमी याल पाखरासाठी. पण मी काही पाखरासाठी गाडी सोडली नाही..."

पुष्पांजलीनं ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलं. "मंग कशासाठी?"

आता हळू बोलायचं कारण उरलं नव्हतं. भागवतनं सांगितलं ते असं खणखणीत, की बीबीच्या गाडीच्या कंडक्टरनं न मागताच दोन तिकिटं काढली, अन् पुष्पांजलीनं दोन्ही आपल्याच हातात घेतली.