दोन माणसांची मशीन

रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. गेल्या वर्षीची मार्गशीर्षातली अमावस्या. तिथून सगळं सुरू झालं, असं धाकूकाका सांगतात. परवा कोपरीत लाईट गेलेले आणि चाळीतली पोरं गच्चीवर त्यांच्याभोवती जमलेली.

"हसलात तर बंद करीन," काका म्हणाले. "राघो माझ्या ओळखीतला आहे. खोटं बोलायला त्याच्यात आता ताकदच उरलेली नाही."

बाळकुमच्या राघोला एकच नाद. झाडं कापायच्या जुन्या, मोठ्या पेट्रोल मशीन भंगारातून आणायच्या, खोलायच्या, चालू करून कामाला लावायच्या. पलंगाखालीसुद्धा मशीन. बायको म्हणायची, "एक दिवस मलाच भंगारात देऊन अजून एक आणाल!"

सगळ्यात मोठी होती ती दोन माणसांची. एका टोकाला इंजिन, मधे माणसाएवढं पातं, त्यावर फिरणारी साखळी, आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्याने धरायचं हँडल. पंधरा वर्षं ते हँडल तानाजीने धरलं. मधे खोड असलं की पलीकडचा माणूस दिसत नाही, म्हणून यांची पद्धत ठरलेली. राघो विचारणार, "धरलंस?" तानाजी म्हणणार, "धरलं." मगच साखळी फिरायची.

त्या आषाढात तानाजी म्हणालेला, "आज नको रे, दमलोय."

"एवढं एकच खोड," राघो म्हणाला.

संध्याकाळी तानाजीच्या छातीत कळ आली. गेलाच.

तेव्हापासून राघोला ती मशीन घरात नकोशी झालेली. म्हणून त्या दिवशी टेम्पोत घालून खडवलीच्या पुढे एका वखारवाल्याला द्यायला गेलेला. त्याने घेतली नाही. परत येताना लेकीकडे, कल्पिताकडे, चहाला थांबला, तर तिला कळा सुरू झालेल्या. पंधरा दिवस आधीच. जावई रात्रपाळीला. तिच्या सासू कमळाबाईंनी तिला धरून टेम्पोत बसवलं आणि निघाले कल्याणला.

तीन किलोमीटरवर रस्त्यात शिरीषाचं झाड आडवं पडलेलं. अख्खं. गाडी जाईल असा दुसरा रस्ता नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, तास लागेल. कल्पिताकडे तेवढा वेळ नव्हता.

कमळाबाई उतरायला लागल्या. "मी धरते दुसरीकडून."

"तुम्ही पोरीला धरा, विहीणबाई."

राघोने टेम्पोचे लाईट चालू ठेवले. मशीन ओढत नेली आणि पातं खोडावर टेकवलं. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं...

"धरलंस?"

...

"धरलं."

पातं सरळ झालं. एकट्याच्या हातात ते कधी सरळ राहत नाही.

राघोने मान वर केली नाही. मागे लेक ओरडत होती. थांबता येत नव्हतं. साखळी लाकडात उतरली. एक काप. मग दुसरा. पलीकडून कोणीतरी श्वास घेत होतं. लांब... थकलेला.

मधला ओंडका चार माणसांनाही हलवता आला नसता. तो गडगडत कडेला गेला.

इंजिन बंद झालं.

"दमलो रे..."

मशीन तिथेच टाकून राघो टेम्पोत चढला.

जरा पुढे गेल्यावर कमळाबाईंनी विचारलं, "व्याही, ते दुसरे कोण होते हो? त्यांना नाही घेतलं?"

राघोने टेम्पोचा वेग वाढवला.

...

अकरा वाजून पाच मिनिटांनी नात झाली. आई सुखरूप, पोर सुखरूप. नर्स बाळाला पुसायला लागली, तर उजवी मूठ उघडेना. हळूहळू एकेक बोट सोडवलं.

आत लाकडाचा भुसा. ओला. ताजा.

गच्चीवर काका गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"पोरगी धडधाकट आहे. उगाच तिच्या घरी विचारायला जाऊ नका. पण असल्या मशीनवाला कोणी भेटला, तर त्याला सांगा. एकटा असशील तर पलीकडे 'धरलंस?' म्हणून विचारू नको. माझं नाव घेतलंत तरी चालेल... पण सांगा."