बाहेर राहिलेली तीन अक्षरं

मंगळापलीकडे निघालेल्या 'अगस्ती' यानात शिवदास कोकरेला विजेचा झटका बसला आणि त्याच्या हृदयाचा ठेका चुकला. डॉ. आश्लेषा नवाथे यांच्या पेटीत त्यावर दोन औषधं होती, सोमाल आणि सोमाकार्डिन. दोन्ही सारखीच गुणकारी. पण शिवदासच्या मनगटावरची आरोग्यपट्टी वाचून त्यांचा हात थांबला.

'शिवदास कैलासवासी धोंडीराम कोकरे, वर्ज्य: सोमा', आणि पुढे काहीच नाही.

दोनपैकी एक औषध त्याला विष होतं. शिवदास बेशुद्ध होता. पृथ्वीला विचारून उत्तर यायला चाळीस मिनिटं, आणि हातात फार तर दहा. डॉक्टरांनी तंत्रज्ञ मकरंद बिडकरला हाक मारली. सोमापुढे एखादंच अक्षर गळलं असेल, म्हणजे सोमाल वर्ज्य, असं त्यांनी धरलं होतं. तरी विचारलेलं बरं.

मकरंदला घाम फुटला, कारण पट्टीची आज्ञावली त्याचीच. त्याने भराभर सांगितलं, की पट्टीत अठ्ठावीस घरांचा डबा आहे, अक्षर असो, चिन्ह असो वा मोकळी जागा, प्रत्येकाला एक घर, आणि शेवटचं घर मजकूर संपल्याच्या खुणेसाठी. सी या संगणकाच्या भाषेतली साधी जोडणी मोठी बावळट. एका मजकुरापुढे दुसरा लाव म्हटलं की लावत सुटते, डबा भरला तरी थांबत नाही, शेजारच्या डब्यात घुसते. शेजारी नाडीची नोंद असते. म्हणून इथे मोजजोडणी वापरलेली. ती जागेपुरतंच घेते आणि बाकीचं कापते.

"म्हणजे कापलं गेलंय. पण किती, ते कसं कळणार?" डॉक्टर म्हणाल्या.

मकरंदने पट्टीचा कोपरा बोटाने पुसला. तिथे बारीक आकडे होते, ३० आणि २७. अख्ख्या यानाला तो पट्टीचा अनुक्रमांक वाटायचा. खुद्द मकरंदने शिकताना असले आकडे, किती हवं आणि किती मावलं ते सांगणारे, निरुपयोगी म्हणून काढून टाकले होते. तेव्हा त्याच्या टिल्लू बाईंनी आज्ञावली परत केली होती, तीही तीनदा. बाई म्हणायच्या, पंगत बसवण्याआधी पाट मोजावेत, आणि जे दारात उभे राहिले त्यांची संख्या यजमानाला सांगावी. तेव्हा त्याने मनातल्या मनात बाईंना काय काय म्हटलं होतं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

"हवी होती तीस घरं, मिळाली सत्तावीस. तीन अक्षरं बाहेर आहेत."

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. सोमालला एकच अक्षर कमी पडतं. सोमाकार्डिनला तीन. म्हणजे त्या जे द्यायला निघाल्या होत्या, ते सोमाकार्डिनच विष होतं. त्यांनी सोमालची सुई भरली. सहा मिनिटांनी ठेका सुधारला.

पट्टी आधी नीट होती. गेल्या महिन्यात गावाकडे वडील वारले, तेव्हा शिवदासने त्यांच्या नावामागे स्वतःच 'कैलासवासी' घातलं. एका मोकळ्या जागेसह सहा घरं खर्ची पडली. शुद्धीवर आल्यावर त्याला हे सांगितलं, तर तो घाबरून डॉक्टरांना म्हणाला, "दादांच्या नावामागचं तेवढं काढू नगा."

कोणीच काढलं नाही. मकरंदने डबा ऐंशी घरांचा केला. आकडे मात्र तिथेच ठेवले, आता चांगले ठळक.

मग त्याने साताऱ्याला टिल्लू बाईंना निरोप पाठवला. झालेलं सगळं लिहिलं, आणि शिकताना केलेल्या चडफडाटाची माफीही मागितली. तासाभराने उत्तर आलं.

"केवढा लांब निरोप रे. माझ्या पडद्यावर शेवटची सतरा अक्षरं आली नाहीत. आभारच असणार. पोचले. शिवदासला जप."

मकरंदने आपला निरोप उघडून शेवटून सतरा अक्षरं मोजली. आभारच होते.