कपाटातली प्रत

क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी अठरा वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतोय. एका कारखान्याचा डेटा मी सांभाळतो. क्लाउडवर असतं ती फोनची सावली. इकडे पुसलं की तिकडचंही जातं. बॅकअप ही वेगळी प्रत. ती काढायची, वायर उपटायची आणि कपाटात ठेवून द्यायची. मग बाहेर काहीही घडो, तिला त्याचा पत्ता नसतो.

माझ्याच सख्ख्या ताईने फोनमधली जागा भरली म्हणून भावोजींचे सगळे आवाजी निरोप पुसून टाकले. क्लाउडवर आहेतच, हा भरवसा. पुसलेलं महिनाभर परत मिळतं. हिच्या लक्षात आलं चाळिसाव्या दिवशी. भावोजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"त्यांचा आवाज मला आता नीट आठवतसुद्धा नाही रे," असं म्हणून ती जेवणाच्या टेबलाशी रडत बसली. दुपारचे तीन वाजले होते. मलाही भरून आलं.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. भावोजी गेले त्याच आठवड्यात मी तिच्या फोनची प्रत एका डिस्कवर काढून ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवली होती. किल्ली एकच, माझ्या खिशात.

"उद्या आणून देतो," मी म्हणालो. "डोळे पूस आधी."

सकाळी कपाट उघडलं. डिस्कवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती: तारीख, आणि खाली 'निरोप ४१२'. जोडली, तर सगळं जागच्या जागी. येताना दूध आण. गॅस बंद केलास का? मी खाली उभा आहे, छत्री टाक. ऐकताना स्वतःवरच खूश झालो.

सवयीने आकडा ताडून पाहिला. ४१३.

शेवटच्या निरोपावर तारीख होती कालची. वेळ, दुपारी तीन.

घड्याळाची गडबड असेल म्हणून मी तो लावला. भावोजी नेहमीसारखे आधी खाकरले.

"अगं, अशी रडू नकोस. आठवेल."

मी तो पुसला. ताईला हे ऐकवायची माझी हिंमत नव्हती. उरलेले निरोप कोऱ्या डिस्कवर घेतले, दोनदा मोजले, वायर काढली आणि डिस्क तिच्या हातात नेऊन दिली.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता.

"ऐकले रे सगळे. चारशे तेरा."

"बारा," मी म्हणालो.

"तेरा आहेत. शेवटचा तुझ्यासाठीच आहे." ती हसली. "म्हणतात, भावाला सांग, सकाळचा पुसलास तो पुसलास, हा राहू दे."

मी खिशातली कपाटाची किल्ली चाचपली.

"सकाळचा कुठला रे?" ताईने विचारलं.