पाण्याची वरची बाजू

धोंडबा उरकुडे यांच्या खाटेला अडकवलेल्या कागदावर चार गोळ्यांची नावं होती आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं : जलचित्र क्रमांक सात, वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. भंडाऱ्याच्या त्या रुग्णालयात एव्हाना कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या वाघाये मास्तरांनाही सात नंबरच होता. त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आमच्या यायले सात लागू पडला. नणंदेले मात्र चारच मानवते." काढ्याबद्दल बोलावं तसं.

सात नंबर धोंडबांच्या लेकीने काढला होता. कुमुद उरकुडे पंचवीस वर्षं पाण्याचे फोटो काढत होती. त्यात घाट नसे, बगळा नसे, काठावरची बाई नसे. नुसता रंग आणि उजेड. हे आहे तरी काय, असं लोक विचारत आणि पुढच्या भिंतीकडे वळत. मग चार वर्षांपूर्वी जलपट आला. भिंतीवर लावायचा कापडाइतका पातळ पडदा. तो पाहणाऱ्याच्या बुबुळांवर नजर ठेवतो आणि चित्रातला उजेड त्या मानाने कणभर हलवतो. डोळ्याला ते कळत नाही, शरीराला मात्र कळतं. त्यावर शेकडो चित्रं लावून पाहिली गेली, आणि उधळलेली हृदयं ताळ्यावर आणण्यात कुमुदचा सात नंबर सगळ्यांच्या पुढे निघाला.

मग काय, सत्कारांची रांग लागली. "माझ्या चित्रात उजेड खाली उतरतो, आजारी माणसाच्या पायाशी येऊन बसतो," असं ती भाषणात सांगे आणि सभागृह हळवं होई. सत्कार रुग्णालयात होत नसतात. त्यामुळे आपलं चित्र खाटेसमोर कसं दिसतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

बाबांना दाखल करून नऊ दिवस झाले तेव्हा ती दिल्लीचं प्रदर्शन आटोपून आली. दुपारचे चार वाजले होते, चहा वाटणं चालू होतं. खोटं कशाला सांगा, दारातून तिने आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. भिंतीकडे पाहताच तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, हे उलटं आहे."

डॉ. तनुजा मेश्राम यांनी मान तिरपी केली. "काय उलटं आहे, ताई?"

"माझं चित्र. वर काठावरच्या झाडांचं काळं प्रतिबिंब हवं, खाली आभाळाचा उजेड. इथे उजेड वर चढवलाय."

"पण सही तर खाली उजव्या कोपऱ्यात आहे."

"मी सही वर डावीकडे करते. पांढऱ्या अक्षरांत. खालच्या उजेडात ती उठणार कशी?"

कुमुदची सही म्हणजे नुसती वेलबुट्टी. सुलटी असतानाही ती कुणाला वाचता येत नसे. चित्र चौकोनी, त्यामुळे चौकटीनेही चुगली केली नव्हती. सही खाली असते एवढं जगाला ठाऊक, म्हणून लावणाऱ्याने चित्र फिरवलं होतं.

"बाबा, कसं वाटते?" तिने खाटेपाशी जाऊन विचारलं.

"बरं हाय," धोंडबा चित्रावरची नजर न काढता म्हणाले. "तू ठोकलं नाही नं अजून?"

म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो, म्हणून ती हसली. डॉक्टरांनी पडद्याच्या कडेचं बटण दाबलं आणि चित्र सुलटं झालं. कुमुदला हायसं वाटलं. ते सुख दोन मिनिटं टिकलं.

खाटेशेजारच्या यंत्रावर नाडीचा आकडा अडुसष्ट होता. तो ब्याण्णव झाला, एकशे बारा झाला, एकशे अडतीस झाला. धोंडबांना दरदरून घाम फुटला. पलीकडे त्याच पडद्याकडे बघणाऱ्या मास्तरांचं यंत्रही ओरडू लागलं. डॉक्टरांनी धावत जाऊन चित्र पुन्हा उलटं केलं, आणि दोन्ही आकडे मुकाट्याने खाली आले.

कुमुद डॉक्टरांकडे वळली. "सगळीकडे असंच लावलंय?"

"पहिल्या चाचणीपासून. तिथला फोटो पाहूनच बाकीच्यांनी लावलं. एकशे चाळीस रुग्णालयं आहेत, ताई."

म्हणजे चार वर्षं ज्यासाठी हार घालून घेतले ते तिचं नव्हतंच, कुणाच्या तरी चुकीचं होतं. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती.

"उलटं काहून म्हंता?" धोंडबा पुटपुटले. "पाण्याखालून असंच दिसते. वरतं उजेड, खालतं अंधार."

डॉक्टरांनी मान वळवून पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तोंड पाण्यात बुडालं की हृदय आपोआप मंदावतं, आतला श्वास जास्त वेळ पुरावा म्हणून. पाणबुड्यांचं होतं, तान्ह्या बाळाचंही होतं. इथे पाणी नाही, नुसते डोळे आहेत. पण शरीराची समजूत झाली आहे की आपण बुडी मारली."

"बुडी मारल्यावर माणूस श्वास घेतो का हो, डॉक्टर?" कुमुदने विचारलं.

दोघींनी एकाच वेळी धोंडबांच्या छातीकडे पाहिलं. ती हलत नव्हती.

डॉक्टरांनी यंत्रावरची मागची नोंद काढली. पहिल्या दिवशी श्वास अधूनमधून नऊ सेकंद थांबत होता. परवा एकवीस, काल चौतीस. सरासरी ठीक होती म्हणून कुणी बघितलं नव्हतं. "धोंडबा, श्वास घ्या," त्यांनी खांदा हलवला. धोंडबांनी तो हात गाळातला वेल सारावा तसा बाजूला सारला. डॉक्टरांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. चित्र मध्येच फिरवलं किंवा बंद केलं आणि पुन्हा एकशे अडतीस झालं, तर हे हृदय टिकणार नव्हतं.

आणि कुमुदला ते ठोकणं आठवलं.

गावच्या मालगुजारी तलावात, जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या त्या मोठ्या तलावात, बाबा अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारत. नऊ वर्षांची कुमुद डोंग्यात, त्या लहान लाकडी होडीत, बसून चाळीसपर्यंत मोजायची आणि मग बांबूने डोंग्याच्या कडेवर तीनदा ठोकायची. पाण्याखाली तो आवाज लांबवर जातो. तो ऐकला की बाबा वर येत. मोजताना बघायला दुसरं काही नसे, म्हणून ती पाणी बघत राही. फोटोंचं वेड तिथलंच. तिने जन्मभर पाण्याची वरची बाजू पाहिली होती आणि बाबांनी खालची.

तिने चहाबरोबरचा पाण्याचा स्टीलचा पेला उचलला, पाणी फरशीवर ओतून दिलं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकलं. एक. दोन. तीन.

धोंडबांनी तोंड उघडून असा श्वास ओढला की गळ्यातला ताईत उडाला. "आज लई उशीर केला वं," ते म्हणाले. नाडी सत्तर होती.

कुमुदने स्टूल खाटेजवळ ओढलं. आता रोज कुणीतरी इथे बसायचं, मोजायचं आणि ठोकायचं. ती बसेल. उरलेलं आयुष्य बसेल. ती रडूही लागली होती, तेवढ्यात मागून कुणी पदराला धरलं.

वाघाये मास्तरांची बायको होती. मास्तर उशीला टेकून सात नंबरकडे बघत होते, चेहऱ्यावर समाधान, छाती निश्चल. बायकोने कुमुदच्या हातातला पेला घेऊन त्यांच्या दांडीवर तीनदा ठोकलं, मग पुन्हा तीनदा. मास्तरांची पापणीही लवली नाही.

"आमचे हे तं कधी तलावात उतरलेच नाही, बाई," ती म्हणाली. "यायले कशानं वर बोलवू?"