ताराचंदांनी सोडलेलं सगळं

२००४ साली कारंजा घाडग्याच्या हायवेवर, दोन ढाब्यांच्या मधोमध जपानी हॉटेल निघालं तेव्हा गाव पोट धरून हसलं. कापड दुकानदार ताराचंद मात्र हसले नाहीत. हसायला अंगात सुख लागतं. त्यांच्या अंगावर वर्षभरापासून लाल गांध्या उठत होत्या, आणि खाज अशी की गिऱ्हाइकापुढे साडी उलगडता उलगडता ते मध्येच जाऊन खांबाला पाठ घासून येत.

शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. सगळं सोडा. फक्त भात, मीठ आणि उकडलेला दुधी. मग एकेक पदार्थ परत सुरू करू, चोर आपोआप सापडेल. ताराचंदांचं पथ्य एकदा पुतणीच्या लग्नात मोडलं, एकदा घरीच, वांग्याच्या भाजीपुढे. डॉक्टर चिडले. "आता मोडलंत तर माझ्याकडे येऊ नका. खाजवत बसा जन्मभर."

त्यातच लग्नाचा वाढदिवस आला. "दुधीचं तोंड पाह्याचं नाई मले आज," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बाहेर जेवू."

ताराचंदांनी डोकं लढवलं. जपानी माणूस कोरा भात खातो, तिखट नाही, फोडणी नाही. पथ्यही टिकेल आणि बायकोही खूश.

भर दुपारी दोघं गेले. आत चिटपाखरू नव्हतं. कागदी कंदील, ओली फरशी, आणि दार लागताच हायवेवरच्या ट्रकांचा आवाज एकदम बंद. काळ्या कपड्यांतला एक किडकिडीत वेटर आला. मेनू त्यानं फक्त प्रमिलाबाईंना दिला. ताराचंदांना विचारलं, "आपण काय काय सोडलंय?"

आजवर कुठल्या हॉटेलात कोणी इतक्या आपुलकीनं विचारलं नव्हतं. ताराचंदांची छाती फुगली. "गहू, तूर, हरभरा, वांगं, मिरची, दही..."

"आणि जवस."

"हां, जवस राह्यलाच." मग ते थबकले. "पण तुम्हाले कसं माहीत?"

वेटर मान लववून आत गेला.

ताराचंदांपुढे भात आणि दुधी आला. प्रमिलाबाईंपुढे पाण्यात पोहणाऱ्या शेवया आल्या. "ह्या गोड काऊन नाई?" त्या पुटपुटल्या. तोवर वेटरनं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे तिसरं ताट मांडलं होतं. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, झुणका, पोळ्या, दही, जवसाची चटणी. चटणीतला लसूण जरा करपलेला.

"हे तं तुह्या हातचं आहे," ताराचंद म्हणाले.

"माह्या हातचं इथं कसं येईन?" प्रमिलाबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे कोणासाठी हो?" ताराचंदांनी वेटरला विचारलं.

"आपण सोडलंय ना," वेटर म्हणाला. "वाया कसं जाऊ द्यायचं?"

आता समोर पान वाढलेलं असताना आपणच मुकाट्यानं घास उचलायचा, हे ताराचंदांच्या रक्तातच नव्हतं. तोंडातून निघून गेलंच, "या, जेवाले."

खुर्ची थोडी पुढे सरकली.

पोळीचा तुकडा मोडला. वांग्याला लागला. दिसेनासा झाला.

प्रमिलाबाईंनी नवऱ्याचं मनगट आवळलं. "उठा ना जी!"

"भरल्या पानावरून उठावं कसं?" ताराचंद कुजबुजले. त्यांची नजर वांग्यावरच होती. "पाह्य ना, देठसुद्धा नाई ठेवला."

वरण संपलं. झुणका संपला. दही संपलं.

मग चटणी.

तीही संपली. आणि मग समोरून आवाज आला. खर्र. खर्र. कुणीतरी नखांनी पाठ खाजवत होतं.

"जवस!" ताराचंद ओरडले. "अवं, जवस आहे! बाकी सारं खाता येते मले!" त्यांना रडूच फुटलं. भीती कुठल्या कुठे गेली. ते उठले आणि त्या खुर्चीपुढे हात जोडून, आपल्याकडे असं कुणालाही म्हणतात तसंच म्हणाले, "लय उपकार झाले जी. एकदा घरी येजा."

खाजवणं थांबलं.

वेटर गाडीपर्यंत सोडायला आला. प्रमिलाबाईंसाठी त्यानं पुढचं दार उघडलं. त्या बसल्यावर मागचं उघडलं, मान लववून जरा थांबला, आणि हलकेच लावलं.

मारुती मागच्या बाजूनं खाली बसली.